पेशवेकालीन मिरची

जुना वाडा पुन्हा उभा करायचा तर सिमेंट चालत नाही, चुना लागतो. आणि चुन्याला गूळ लागतो. आमच्या पेठेतल्या वाड्याचं काम निघालं तेव्हा ट्रस्टच्या खजिनदारांच्या ज्ञानात ही पहिली भर पडली. सगळी हयात बँकेत गेलेला माणूस. बांधकामाच्या फाइलीला वाळू, वीट, लाकूड यांच्यामागोमाग गुळाच्या ढेपा, बेलफळं, हिरडा आणि मेथ्या यांची बिलं लागायला लागली, तसा त्यांचा धीर सुटला. "भिंत बांधताय की बाळंतिणीचे लाडू वळताय?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. वास्तुविशारद बाई शांत होत्या. जुन्या वास्तूंचं काम करणारी माणसं शांतच असतात. दोन-दोनशे वर्षं थांबलेल्या भिंती बघून बघून त्यांना कसली घाईच उरत नाही. चुना भिजवून कसा मुरवायचा, घाणीत कसा मळायचा, गुळाच्या पाण्याने आणि बेलाच्या गराने तो कसा चिवट होतो, सिमेंटच्या गिलाव्यामागे जुन्या भिंतीतली ओल कशी कोंडून राहते, हे सगळं त्यांनी सांगितलं. खजिनदारांनी सही केली आणि हिशेबाच्या वहीत 'साहित्य (खाद्य)' असं नवीन खातं उघडलं.

वाडा झाला. सागवानी सुरूदार खांब तेल पिऊन चमकायला लागले, दिंडी दरवाजा ऐटीत करकरायला लागला आणि लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घ्यायला ओसरीवर येऊन बसायला लागली. मागचा परस तेवढा राहिला होता. कामाचं सगळं डबर तिथे जाऊन पडलेलं. 'इथे लोकसहभागातून बाग करावी' अशी सूचना आली आणि तिला कुणीही विरोध केला नाही. पुण्यात एखाद्या सूचनेला विरोध झाला नाही की समजावं, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गोष्ट आहे.

तसं पाहिलं तर बाग हा पुण्यात इतिहासाचा विषय आहे, शेतीचा नाही. तुळशीबागेत पातेली, पोळपाट आणि खोट्या मोत्यांचे सर मिळतात. बेलबागेत नाना फडणवीसांचं देऊळ आहे. विश्रामबागवाड्यात दुसऱ्या बाजीरावानंतर विश्रांती कुणाला मिळाली असेल तर ती सरकारी कचेऱ्यांनाच. उलट शनिवारवाड्यात, १८२८च्या आगीनंतर, वाडा म्हणावा असं फारसं उरलेलं नाही आणि तिथे मात्र छान हिरवळ आहे. वाडाही आहे आणि बागही आहे, असा योग आमच्या परसात येऊ घातला होता. लोक भारावणं साहजिक होतं.

बागेच्या पहिल्याच बैठकीत सेंद्रिय शेतीवाल्या एका ताईंनी जीवामृताची कृती सांगितली. सुभाष पाळेकरांमुळे ती आता घरोघर पाठ आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, तेवढंच गोमूत्र, दोन किलो बेसन, मूठभर माती आणि दोन किलो गूळ. इथे खजिनदारांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा गूळ?" ते म्हणाले. "आणि आता बेसन? एक ओवा तेवढा सांगायचा राहिलाय. पावसाळा आहे, भजीच करू." तरीपण त्यांनी 'साहित्य (खाद्य)' खात्यातली शिल्लक पाहिली. भिंतीच्या कामातला गूळ उरला होता. तो बागेकडे वर्ग करायला बांधकाम उपसमितीचं ना-हरकत पत्र लागेल, असं त्यांनी जाहीर केलं. ते पत्र येईपर्यंत मुंग्यांनी तो वर्ग करून घेतला.

बाग कशी करायची, तर मूळ स्वरूपात. यावर एकमत होतं. वाड्याच्या मूळ स्वरूपासाठी बाईंकडे जुने नकाशे होते, खांबांच्या उथळ्या होत्या, भिंतीत गाडले गेलेले कोनाडे होते. बागेसाठी होत्या नुसत्या आठवणी. मूळ मालकांचं कुटुंब आता कोथरूड, ठाणे आणि न्यू जर्सी इथे वाटलं गेलं आहे. एका रविवारी सकाळी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. न्यू जर्सीत शनिवारची रात्र होती. प्रश्न एवढाच, की विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात पूर्वी काय होतं?

"पेरू," ठाण्याचे काका म्हणाले, "आतून गुलाबी."

"छे! सोनचाफा," कोथरूडच्या आत्या म्हणाल्या. "माझ्या वेणीत रोज असायचा."

न्यू जर्सीच्या दादांचा आवाज जड झाला. तिथे औदुंबर होता, त्याला पार होता आणि त्या पारावर आपण दुपारभर लोळत असू, असं त्यांचं म्हणणं. मग तिघांनी एकमेकांची वयं काढली, एकमेकांच्या आजोळच्या सुट्ट्या काढल्या, कुणाची स्मरणशक्ती कुठल्या आजारानंतर गेली तेही निघालं. फोनचा पडदा धरून बसलेल्या नातसुनेच्या मागे, पलंगावर, नव्वदी ओलांडलेल्या आजी पडून होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "अरे, तिथे संडास होता."

तीन गावांत एकदम शांतता पसरली.

"म्हणून तर शेजारची केळ एवढी माजायची," आजींनी पुरवणी जोडली आणि कूस बदलली.

माझं स्वतःचं मत असं झालं आहे की माणसाच्या लेखी 'परंपरा' म्हणजे तो सात-आठ वर्षांचा असताना परसात जे उभं होतं ते. त्याआधीचं सगळं अंधारयुग आणि त्यानंतरचं सगळं अतिक्रमण. पण हे बैठकीत बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण तोवर दोन तट पडले होते.

पहिला देशी पक्ष. त्याच्या पुढारी वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. जे झाड मुळात या भूमीतलं नाही ते परसात नको. दुसरा कालीन पक्ष. त्याचे पुढारी इतिहासप्रेमी काका, ज्यांच्याकडे स्वतःची पगडी आहे. त्यांचं म्हणणं, झाड कुठूनही येवो, पेशवाईत पुण्यात होतं एवढा पुरावा द्या. १८१८ नंतर आलेलं मात्र नको. दोन्ही बाजू ऐकताना पटायच्या. घोटाळा झाला तो यादी वाचायला घेतल्यावर.

यादीत पहिला झेंडू. "मेक्सिको," प्राध्यापिका म्हणाल्या आणि काट मारली. सभेत कुजबूज झाली. दसऱ्याला दाराला लावायचं काय, असं एकीने विचारलं. "आंब्याची पानं," प्राध्यापिका म्हणाल्या. पुढे निशिगंध, तोही मेक्सिको. गुलबक्षी आणि कर्दळ. दोघी अमेरिका खंडातल्या. सीताफळ आणि रामफळ, नावाप्रमाणे एकाच घरातली, पण ते घर अयोध्येत नाही, अटलांटिकच्या पलीकडे. ज्यांना हे नवीन होतं त्यांनी पाण्याची बाटली शोधली. देवचाफ्यापाशी मात्र बांध फुटला. तोही मध्य अमेरिकेकडचाच निघाल्यावर भजनी मंडळाच्या काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, देवळात असतो तो! देवाला ठाऊक नसेल होय?" प्राध्यापिकांचं शास्त्र बरोबर होतं, काकूंचा सूर बरोबर होता, अशा वेळी पुण्यात चहा सांगतात.

चहानंतर मिरची आली. इतिहासप्रेमी काका सरसावले. मिरची पोर्तुगीजांनी आणली, सोळाव्या शतकात, म्हणजे १८१८च्या आत; सबब मिरची पेशवेकालीन. पेरूही त्याच जहाजातून आला, पपईही आली, तेव्हा त्यांनाही प्रवेश आहे. गुलमोहराला मात्र नाही, कारण त्याची शास्त्राला ओळख झाली तीच १८२०च्या दशकात, मादागास्करमध्ये. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर अवघ्या दहा-एक वर्षांत. "थोडक्यात हुकला," असं काका इतक्या हळहळीने म्हणाले की जणू गुलमोहर वेळेवर पोचता तर खडकीची लढाई जिंकलीच असती. टोमॅटो घरोघर रुळला इंग्रजी अमदानीत, म्हणून तो दोन्ही पक्षांनी बाद केला. मिरचीवर तडजोड झाली नाही. देशी पक्षाने मिरीचा वेल सुचवला. पुण्याच्या उन्हाळ्यात मिरीचा वेल. काकांनी पगडी नसतानाही डोक्याला हात लावला.

वास्तुविशारद बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. ज्या छपराखाली हा वाद चालला होता त्याच्या मंगलोरी कौलांवर बासेल मिशनचा शिक्का होता. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या मिशनऱ्यांनी मंगलोरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. म्हणजे ती ना देशी, ना पेशवेकालीन. सगळ्यांनी माना वर करून कौलं पाहिली. बाहेर पाऊस लागला होता. छप्पर उतरवण्याची सूचना कुणाकडूनच आली नाही.

तेवढ्यात माळीमामांनी खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, की डबरावर गाजरगवत कमरेएवढं झालंय, ते ठेवायचं का काढायचं? प्राध्यापिकांनी तत्परतेने माहिती दिली की हेही अमेरिकेतलंच, पण देशाचं लक्ष त्याच्याकडे गेलं ते १९५६मधल्या पुण्याच्या नोंदीमुळे. पुण्याचं नाव एवढं देशभर नेणारी दुसरी वनस्पती नसेल. तरीसुद्धा ते काढायचं ठरलं. त्या दिवसाचा हा एकमेव ठराव.

काढायचं म्हणजे खणणं आलं, आणि खणायला कुणी येईना. लोकसहभाग हा साधारणपणे उद्घाटनाला आणि हुरड्याला असतो. माळीमामा एकटे पहार घेऊन भिडले, तर पहार खण्णकन वाजली. खाली एक पितळी कडी निघाली. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी: वाड्यात हंडा लागला. जुन्या वाड्यात गुप्तधन असतं, ते मालकाला कधी सापडत नाही आणि त्यावर नाग असतो, एवढं प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असतंच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फावडी, घमेली आणि टिकाव घेऊन एवढे स्वयंसेवक जमले की दिंडी दरवाजात चपलांचा ढीग झाला. ज्यांना कंबरदुखी होती त्यांची कंबर राहिली होती. सचिवांनी ओळखून कडीबद्दल काही खुलासा केला नाही; उलट आणखी खोल गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं गंभीरपणे म्हणाले. रविवार उलटायच्या आत अख्खा परस तीन फूट खणून झाला.

निघालं ते असं: खापरं, निळ्या-हिरव्या बांगड्यांच्या काचा, पाटा-वरवंट्यातला एकटा वरवंटा, बेकेलाइटचं विजेचं बटण, अगणित रबरी चेंडू आणि लाटांच्या कडेचं अॅल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं. ते नाणं ज्याला सापडलं त्याने मूठ अशी काही गच्च मिटली होती की ती उघडायला दोघे लागले.

मातीचा गुण यानंतर कळला. वर्षानुवर्षं पडलेल्या भिंतींचा चुना त्या परसात जिरलेला. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कढीलिंबाचं तेच झालं. मोठ्या हौसेने लावलेलं रोप सहा महिन्यांत काविळीच्या रोग्यासारखं दिसायला लागलं. त्यावर ताक घाला, लिंबू पिळा, गंजके खिळे पुरा, असे उपाय आले. लिंबू कुणी दिलं हेही खजिनदारांनी लिहून घेतलं. ज्याला चुना मानवतो असं फळझाड म्हणजे अंजीर. पुरंदरची आठवण काढून ते लावावं असं माळीमामांनी सुचवलं. वास्तुविशारद बाईंनी मोडता घातला. अंजीर म्हणजे वड-पिंपळाचाच भाऊबंद, मुळं जोत्यात शिरतील. भिंतीपासून लांब लावा. शेवगा? फांदी ठिसूळ, वाऱ्याने मोडून कौलांवर येईल, लांब लावा. भिंतीलगत वाफे? पाणी मुरेल, भिंतीला लोणा लागेल, लांब करा. सगळंच लांब लावता लावता बाग हळूहळू शेजारच्यांच्या हद्दीकडे सरकत गेली आणि शेजाऱ्यांनी मोजणीचा टेप काढला.

पिंपळाची गोष्ट निराळी. तो कुणी लावला नव्हता. उत्तरेच्या भिंतीत, दोन दगडांच्या फटीत, बोटभर कोंब आपला आपण निघाला होता आणि नव्या चुन्यात मुळं रोवत होता. बाई म्हणाल्या, आजच्या आज काढा. कुणीतरी म्हणालं, शहरात झाड तोडायचं तर १९७५चा कायदा आहे, अर्ज करायला हवा. कुणीतरी म्हणालं, पिंपळ आहे, त्याला हात कोण लावणार? अर्ज केला. छापील नमुन्यात 'झाडाची उंची' या रकान्यात सचिवांनी 'एक वीत' लिहिलं आणि 'झाडाचा धोका कोणास' यापुढे 'भिंतीस'. पाहणीला आलेल्या साहेबांनी चष्मा वर केला, भिंतीकडे पाहिलं, सचिवांकडे पाहिलं आणि काहीच न लिहिता चहा घेऊन गेले. रात्री माळीमामांनी पिंपळ सोडवला आणि तो जिवंत आहे, गावी बांधावर लावलाय, असं सगळ्यांना सांगितलं. त्याचे फोटो कुणी मागितले नाहीत.

एवढं होऊनही बाग लागली. पारिजातक, तगर, कण्हेर, अबोली, जास्वंद, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि आजींच्या साक्षीनुसार ठरलेल्या जागी केळ, जी खरोखरच माजली. मिरचीही लागली. कुणी लावली ते इतिवृत्तात नाही.

आणि फुलं यायला लागल्याबरोबर फुलचोर आले. चोर म्हणावं तर तेही कठीण. पहाटे फिरायला निघालेले, वारकऱ्याच्या साधेपणाने वागणारे, निवृत्त, धार्मिक लोक. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला आकडा बांधलेली काठी. ती काठी फक्त फुलांसाठी असते, चालायला त्यांना काठी लागत नाही. तंत्र बघण्यासारखं असतं. आधी इकडेतिकडे न बघता सरळ चालत यायचं, जास्वंदीपाशी चपलेचा बंद नीट करायला वाकायचं, आणि उठता उठता फांदी आकड्यात. कळ्यासुद्धा सोडायच्या नाहीत. त्या घरी पाण्यात उमलतात. हटकलं तर उत्तर तयार: "देवासाठी घेतोय." सचिवांनी पाटी लावली, 'देव आम्हालाही आहे.' दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं, 'मग एवढी फुलं झाडावर कशी?' यावर समितीकडे उत्तर नव्हतं. खजिनदारांनी पाटीचा खर्च मात्र 'धार्मिक' या सदरात टाकला.

दोन पक्षांचा समेट गणपतीने केला. भाद्रपद जवळ आला तेव्हा भजनी मंडळाच्या काकूंनी मुद्दा काढला, की इतर काही नको, गणपतीच्या एकवीस पत्रींचा एक वाफा करा. सभा स्तब्ध झाली. यादी काढली: माका, बेल, दूर्वा, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, मरवा, जाई, केवडा, अगस्ती... प्राध्यापिका चष्म्यातून वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत होता. डाळिंब इराणकडचं, पण त्यांनी त्याकडे काणाडोळा केला. इतिहासप्रेमी काकांनाही हरकत नव्हती. पेशव्यांचं दैवतच गणपती, पुरावा आणखी काय हवा? देवदार हिमालयात होतो, तो पुण्यात आणायचा कसा, या प्रश्नावर काकू म्हणाल्या, मंडईत दरवर्षी देवदार म्हणून काहीतरी देतातच की, तेच लावू. पिंपळाचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी उत्तरेच्या भिंतीकडे पाहणं टाळलं. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. धोत्र्याला हात लावू नये अशी सूचना मुलांसाठी आणि पत्री गणपतीआधी तोडू नये अशी मोठ्यांसाठी, असंही ठरलं.

माळीमामांना यादी वाचून दाखवली. ते ऐकत होते, मान हलवत होते. आघाडा म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. माका म्हटल्यावर हसले. डोरली आणि धोत्रा म्हटल्यावर पाटीवर बसले आणि कपाळावरचा घाम पुसला. "आवं, हेच समदं होतं की हितं," ते म्हणाले. "आपसूक उगवल्यालं. तुमीच सांगितलं तण काढा म्हनून. परवाच्याला उपटून दोन हातगाड्या भरून टाकल्या."

कचऱ्याची गाडी तर गेली होती. शेवटी नर्सरीतून आणायचं ठरलं. नर्सरीवाल्याने आघाडा, माका आणि डोरली काळ्या पिशव्यांतून, प्रत्येकी एका छापील चिठ्ठीसह, 'औषधी' म्हणून दिले आणि गणपतीच्या दिवसांत यांना फार मागणी असते, त्यामुळे भाव कमी होणार नाही, असं सांगितलं. माळीमामांनी ते आणून, ओळीने, सुतळी धरून लावले. झारीने पाणी घातलं.

महिनाअखेरीला खजिनदारांपुढे त्यांची मजुरीची चिठ्ठी आली. वरच्या ओळीत आघाडा, माका वगैरे उपटण्याची मजुरी, खालच्या ओळीत आघाडा, माका वगैरे लावण्याची. खजिनदारांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. हिशेबतपासनीस काय म्हणतील, एकाच झाडाचे दोन्ही खर्च एकाच महिन्यात दाखवायचे कसे, आणि त्यातल्या त्यात निदान एक ओळ कमी करता येईल का, असं त्यांनी माळीमामांना शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं.

माळीमामा विचारात पडले. "करा की कमी," ते म्हणाले. "फकस्त पुढच्या साली कंचं काम करू नको, ते आत्ताच लिवून द्या."